ऐनवेळचा विषय

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत सोडते, खुटबावला थांबते आणि पुढे केडगावला जाते. रुळाच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचं धुराडं. उत्तरेला मुळा-मुठा, पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणारी. ती पुढे भीमेला मिळते आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. सकाळच्या गाडीने पुण्याला कामावर जाणारा तरुण, उसाला तोड कधी येते याची वाट बघणारा शेतकरी, गुऱ्हाळावर परराज्यातून आलेला मजूर, हंगामात शेताच्या कडेला कोपी घालून राहणारं ऊसतोड कुटुंब, एवढी तऱ्हेतऱ्हेची माणसं या पट्ट्यातल्या एकेका गावाच्या हद्दीत नांदतात. त्यांच्यापैकी ग्रामसभेत बसतं कोण, बोलतं कोण आणि बोललेलं लिहिलं कुठे जातं, याचा हा शोध आहे.

ग्रामसभेच्या किमान सात दिवस आधी नोटीस निघावी लागते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद डकवला जातो, कुठे दवंडी फिरते, हल्ली गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो पडतो. कोणत्याही गावचा कागद घ्या, क्रम साधारण ठरलेला. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, आराखड्यातील कामे, शासनाकडून आलेली परिपत्रके, लाभार्थी निवड. सगळ्यात खाली एक ओळ: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. गटार, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवा यांना वरचे क्रमांक मिळतात. वस्तीवरून स्मशानात जाणारी वाट कुणी नांगरली, घरकुलाच्या यादीतून विधवा बाईचं नाव कसं गळलं, दाखल्यासाठी भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, किती चकरा मारायला लावतात, हे सगळं त्या खालच्या ओळीत. तोवर चहा झालेला असतो आणि निम्मी सभा चपला शोधत असते. माणसाच्या हक्काचा बराचसा कारभार आपल्या गावांत या शेवटच्या ओळीवर अडलेला आहे, असं माझं मत आहे आणि म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहायला हवं.

आधी कायदा बघू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम होताच, त्यात त्यानंतर बदल होत गेले. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या त्यांच्या रूढ तारखा. सबळ कारण नसताना सभा टाळणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. सभासद व्हायला अर्ज लागत नाही, वर्गणी लागत नाही. गावाच्या मतदार यादीत नाव असलं की तो माणूस, ती बाई, ग्रामसभेची सभासद. विधानसभेत आणि लोकसभेत आपल्या वतीने दुसरा कुणी जाऊन बसतो. इथे ज्याचं त्याने जाऊन बसायचं असतं.

कोरम आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसं जमणं ही काही अवघड गोष्ट नाही. पण कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा कोरम लागत नाही, आणि तिथेच पळवाट निघते. पहिली सभा तहकूब करायची, पुढची पंधरा-वीस जणांत उरकायची. नाहीतर सभा झाल्याचं लिहून वही घरोघर फिरवायची. दारात आलेल्या वहीवर बाई सही करते, अंगठा उठवते, आणि ज्या ठरावाच्या चर्चेला ती नव्हती त्या ठरावाला तिची संमती लागलेली असते. जी सभा आपण पाहिलीच नाही तिच्या वहीवर सही करायला नकार देणं हे सर्वांत पहिलं आणि सर्वांत कमी खर्चाचं नागरी काम आहे.

महाराष्ट्रात नागरी हक्कांचा सगळ्यात मोठा धडा एका स्थानिक संस्थेच्या ठरावाशीच बांधलेला आहे, आणि तो तपशिलात जाऊन पाहण्यासारखा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. मुंबईत झालेला ठराव गावोगावी आपोआप उतरत नसतो. महाडच्या नगरपालिकेने मात्र ५ जानेवारी १९२४ रोजी स्वतःचा ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागद झाला, प्रोसिडिंगला, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, नोंद झाली. त्यानंतर तीन वर्षं तळ्यावर काहीही बदललं नाही. गुरं पाणी पीत होती, माणसांना मज्जाव होता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खपून तयारी केली होती, अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस सोबत होते. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या माणसांच्या हाती नवा कायदा नव्हता. नगरपालिकेनेच केलेला ठराव होता, आणि तो ते अमलात आणत होते. परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्यानंतर काय झालं? त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह ठरला तेव्हा तळं खासगी असल्याचा दावा लावून न्यायालयाकडून मनाई आणली गेली. तो दावा लढत लढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला.

या दहा वर्षांतून ग्रामसभेला जाणाऱ्याने बरंच घेण्यासारखं आहे. हक्काचा ठराव होणं ही फक्त सुरुवात असते. तो वापरला नाही तर वाळतो, आणि वापरला तर ज्यांनी तो केला तेच तो फिरवूही शकतात. म्हणून ठरावाची तारीख, त्याची नक्कल आणि तो वापरणारी माणसं, तिन्ही हाताशी लागतात.

त्याच आंबेडकरांनी ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना गावाच्या पंचायतीविषयी शंका मांडली होती. गावातला बहुसंख्य समाज निवडून येणार आणि अल्पसंख्य त्याच्या मर्जीवर राहणार, म्हणून अस्पृश्यांना पंचायतीत राखीव जागा हव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुढे संविधान सभेतही खेड्याच्या गोडव्यांना त्यांनी कडक उत्तर दिलं. ग्रामसभेचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही शंका बाजूला सारून चालणार नाही. १९९३ पासून अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा ५० टक्क्यांवर नेला. म्हणजे १९३२ साली जे मागितलं त्याला घटनेची हमी मिळायला साठ वर्षं लागली. आणि जागा मिळाली तरी खुर्चीमागे उभं राहून दुसऱ्यानेच बोलायचं, हे 'सरपंचपतीं'च्या गावांत अजून चालू आहे.

पुणे जिल्ह्याला याबाबत एक अभिमानाची नोंद सांगता येते. बारामती तालुक्यातल्या निंबूत गावात १९६०च्या दशकात संपूर्ण बायकांची ग्रामपंचायत होती आणि कमलाबाई काकडे तिच्या प्रमुख होत्या. राखीव जागांची घटनादुरुस्ती तेव्हा तीस वर्षं दूर होती. नीरेकाठच्या गावात हे घडलं, खुटबावपासून फार लांब नाही, आणि तरी दौंड-बारामती पट्ट्यातल्या किती शाळांत मुलींना ते सांगितलं जातं?

खुटबावच्या पुढच्या स्टेशनावर उतरलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा घेऊन रमाबाई १९व्या शतकाच्या अखेरीस केडगावला आल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिथेच वारल्या. त्या स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हवेत असं सांगितलं. सरकारने नेमलेल्या आयोगासमोर उभं राहून बायकांच्या वतीने बाईने बोलायचं, हे या परिसराच्या इतिहासात आधीपासून आहे.

रमाबाईंच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात होणार नाही, असा त्याचा आशय. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे कोविडच्या काळापासून या प्रश्नाचा पाठपुरावा करत होते. सरपंच सुरगोंडा पाटील यांनी गावात तो पुढे नेला. सूचक बाई होती, अनुमोदकही बाईच. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं.

एरवी परिपत्रक मुंबईहून निघतं आणि ग्रामसभेत वाचून दाखवलं जातं. इथे उलटं झालं, गावाने लिहिलं आणि मंत्रालयाने वाचलं. पण महाडचा धडा इथेही लागू आहे. परिपत्रकानंतर अनेक गावांनी ठराव केले. मयताच्या घरी, दहाव्याच्या दिवशी, त्या ठरावाची आठवण कोण करून देतं यावर त्याचं मोल ठरतं. नव्याने विधवा झालेल्या बाईने त्या प्रसंगात स्वतः उभं राहावं अशी अपेक्षा निर्दयी आहे. ते जावेने, नणंदेने, शेजारणीने, बचत गटातल्या बायांनी करायचं काम आहे. म्हणून असा ठराव महिला ग्रामसभेत आधी यावा. कायद्याने प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिला ग्रामसभा घ्यायची असते आणि तिथल्या शिफारशी मुख्य सभेपुढे ठेवायच्या असतात. बऱ्याच गावांत ही सभा कागदावरच उरकते. 'वहिनी, इथं सही करा' एवढ्यावर. ज्या गावात बायका ती खरोखर भरवतात तिथे मुख्य सभेत त्या एकट्या नसतात. दहाजणींनी आदल्या दिवशी बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी एकीला मांडायला सोपी जाते.

दारूच्या दुकानाचं उदाहरण घ्या. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा तेवढ्याच टक्के एकूण मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदानाची प्रक्रिया सुरू होते. दुकान बंद व्हायला मात्र आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, एकूण मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मतं पडावी लागतात. हजर राहिलेल्यांपैकी नव्हे, यादीत असलेल्यांपैकी. जी बाई घरी राहिली, लग्न होऊन परगावी गेली आणि नाव इथेच राहिलं, जी मृत आहे आणि नाव कमी झालेलं नाही, ती सगळी मतं उभ्या बाटलीच्या पारड्यात. म्हणजे दारूबंदीची लढाई मतदार यादी दुरुस्त करण्यापासून सुरू होते. असल्या रटाळ कामाची बातमी होत नाही, पण हक्क मिळतात ते अशाच कामातून.

वस्त्यांच्या नावांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक नावं असलेल्या वस्त्या, रस्ते, गावं यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. निर्णय झाला तरी गावाच्या वस्तीचं नाव बदलायला गावाचा ठराव लागतो. नवं नाव कमानीवर चढतं, पण जुनं नाव वीजबिलावर, शाळेच्या दाखल्यावर, पाण्याच्या पावतीवर रेंगाळत राहतं आणि रोज कुणाला तरी त्याची जात विचारत राहतं. ठराव करताना तो कोणकोणत्या दप्तरांना कळवायचा हेही त्यातच लिहून घ्यावं.

ग्रामसभा नेहमी हक्काच्याच बाजूने उभी राहते असं मात्र नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिंगणापूर ग्रामपंचायतीने अल्पसंख्याक, म्हणजे मुस्लिम, नवमतदारांची नावं यादीत घेऊ नयेत असा ठराव केला. तो बाहेर येताच गदारोळ झाला आणि ग्रामपंचायतीला माघार घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावात कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव झाला आणि प्रशासनाला त्याची चौकशी लावावी लागली. हे ठराव मला अस्वस्थ करतात, कारण ते ज्या हत्याराने केले गेले त्याच हत्याराची मी इथे बाजू घेतो आहे. मतदार यादीत कोणाचं नाव असावं हे निवडणूक कायदा ठरवतो, गावाचे हात किती वर झाले त्यावर ते ठरत नाही. घटनेच्या १४, १५, १७ आणि १९ या कलमांना ओलांडणारा ठराव शंभर टक्के मतांनी मंजूर झाला तरी बेकायदाच. असा ठराव स्थगित करण्याचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याने वरच्या यंत्रणेला दिला आहे. शिवाय महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा सभेत एकट्याने हात वर करून 'माझा विरोध नोंदवून घ्या' म्हणणं फार कठीण आहे. आबा, नाना, आप्पा म्हणत ज्यांच्या बांधाला बांध लावून राहायचं, त्यांच्यासमोर ते म्हणायचं असतं. पण तो एक विरोध वहीत चढला की ठराव 'सर्वानुमते' राहत नाही, आणि पुढे तक्रार करणाऱ्याच्या हाती काहीतरी असतं.

म्हणून सगळं येऊन ठेपतं प्रोसिडिंगवर. सभा संपते, माणसं पांगतात, आणि दुसऱ्या दिवशी उरतं ते भाऊसाहेबांनी लिहिलेलं. (या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात हाक अजून तीच आहे.) विषय तोंडी मांडला तर तो 'चर्चा झाली' एवढ्या दोन शब्दांत मावतो. तोच विषय सभेच्या काही दिवस आधी अर्ज करून दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, अर्जात 'हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा' असं स्पष्ट लिहिलं, तर तो खालच्या ओळीतून वर सरकतो, त्याला क्रमांक मिळतो. ठराव झाला की सूचक आणि अनुमोदक कोण, शब्द काय, हे सभेतच वाचून दाखवायला सांगावं. नंतर नक्कल मागावी. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे.

पैशाचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण हक्काचा माग काढायला तो फार सोयीचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी हे पैसे कशावर गेले? महिला-बालकल्याणाच्या रकमेतून अंगणवाडीला काय मिळालं? दिव्यांगांची नोंदवही आहे का, तिच्यात नावं किती? असे प्रश्न विचारायला भाषण करता यावं लागत नाही. घराच्या, म्हणजे नमुना आठच्या, उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याची तरतूद २००३ पासून आहे. किती घरांना ते लागलं हेही विचारता येतं. आणि दाखल्यासाठी मारलेल्या चकरा? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना आठचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला अशा सेवांना मुदत घातली आहे. मुदत टळली तर अपील करता येतं. ती यादी ग्रामपंचायतीत लावलेली असायला हवी. नसेल तर तोच पहिला विषय.

राहता राहिली ती माणसं, ज्यांची नावं गावाच्या यादीतच नाहीत. दौंड, शिरूर, श्रीगोंदा या पट्ट्यात पारधी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी जातीचा दाखला, रेशनकार्ड, घराखालची जागा यांसाठी त्यांना अजून झगडावं लागतं. राहण्याचा पुरावा नाही म्हणून यादीत नाव नाही, नाव नाही म्हणून ग्रामसभेत जागा नाही, आणि ग्रामसभेत जागा नाही म्हणून घरकुलाच्या यादीत नाव नाही. हे वेटोळं बाहेरून कुणी तरी सोडवायला लागतं, आणि बाहेरचं म्हणजे त्याच गावातला मतदार.

ऊसतोड कामगारांचं आणखी निराळं. बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या गावची २६ जानेवारीची ग्रामसभा दरवर्षी त्यांच्याविना होते. त्या वेळी ते इथे असतात, खुटबाव-केडगावसारख्या गावांच्या शिवारात, आणि इथल्या सभेत त्यांना मत नाही. अर्धं वर्ष ज्या गावाचं पाणी प्यायचं, ज्या गावाच्या उसावर कोयता चालवायचा, तिथल्या चावडीवर ते कुणीच नसतात. जिथे मत आहे तिथे ते नसतात, जिथे असतात तिथे मत नसतं.

पण त्यांच्या मुलांपुरतं इथल्या गावाला उत्तर द्यावं लागेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. कोप्या किती पडल्या, त्यांत सहा ते चौदा वयाची मुलं किती, त्यांपैकी शाळेच्या पटावर किती, आणि अंगणवाडीताईंच्या वजनाच्या नोंदीत त्यांच्या धाकट्या भावंडांची नावं आली का? हे चार प्रश्न लिहून, २६ जानेवारीच्या आठ-दहा दिवस आधी, गावातल्या कोणाही मतदाराला ग्रामपंचायतीत देता येतात. मुख्याध्यापक आणि अंगणवाडीताईंना सभेला बोलवा, अशी विनंतीही त्याच अर्जात करता येते. नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ हातात असतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.